सायगॉनच्या फूलबाजारातली कॉफी

आमच्या सहलीत सात जोडपी होती आणि त्या चौदा जणांत कॉफी पिणारी मी एकटी. बाकी तेराही जण पक्के चहावाले. सगळी बाजारातली माणसं. आम्ही अकोल्याचे फूलवाले, आमच्या गाळ्याशेजारचे केळीवाले, अमरावतीचे भाजीचे दोन अडते, असे मिळून निघालेलो. लग्नसराई संपली होती, दुकान मुलगा-सून पाहत होते. एक दिवस माझा नवरा जेवताना म्हणाला, "व्हिएतनामले चालले सारे. आपन काहून नाई जायचं?" मला काही कारण सापडलं नाही, म्हणून आम्ही गेलो.

सहल अमरावतीच्या एका कंपनीची होती. तिनं दोन गोष्टींची हमी दिली होती, शाकाहारी जेवण आणि रोज सकाळी आपला चहा. टूर मॅनेजर पन्नाशीचा, मोठा व्यवस्थित माणूस. त्याच्या बॅगेत विजेची किटली, दुधाची पावडर, सुंठ, वेलची, सगळं. कुठल्याही हॉटेलात सकाळी सहा वाजता त्याच्या खोलीसमोर रांग लागायची आणि तो ओगराळ्यानं कागदी कपात चहा घालायचा. मी त्या रांगेत कधी उभी राहिले नाही.

कॉफीचा हा नाद मला माहेराहून लागला. माहेर परतवाड्याच्या पुढं, घाटाच्या पायथ्याशी. आमची थोडी बागायत होती, भाजी आणि झेंडू. हिवाळ्यात वडील वर चिखलदऱ्याला कॉफीच्या मळ्यात तोडणीला जायचे. आपल्या विदर्भात कॉफी पिकते असं अकोल्यात सांगितलं तरी लोक हसतात. पण पिकते, आणि मी ती पिऊन वाढले आहे. वडील येताना पिशवीभर बिया आणायचे. आई त्या तव्यावर भाजायची, खलबत्त्यात कुटायची, गूळ घालून उकळायची आणि फडक्यानं गाळायची. घरभर असा वास सुटायचा की शेजारीण विचारायची, "काय जाळून राहिली व?"

लग्न होऊन अकोल्याला आले. पहिल्या सकाळी सासूबाईंनी चहाची कपबशी पुढं केली. मी नको म्हटलं. त्या बघतच राहिल्या. "चा पेत नाई? मंग लोकाच्या घरी गेली तं काय पेशील?" महिनाभर त्यांनी माझा चहा करून पाहिला, मी तो हळूच झाडाला घालत राहिले. शेवटी त्यांनीच बाजारातून कॉफीचा डबा आणून दिला. फक्त तो फळीवर पार वर, पाहुण्यांना दिसणार नाही असा ठेवायला सांगितला. म्हणजे तेहतीस वर्षं मी माझी कॉफी अशी थोडी लपूनच प्यायले. तरी रोज प्यायले.

व्हिएतनामला जायचं ठरलं तेव्हा सुनेनं मोबाईलवर वाचून दाखवलं की तो देश कॉफी पिकवणाऱ्या मोठ्या देशांतला आहे. मी बॅगेतली कॉफीची बाटली काढून ठेवली. भरलेली घागर घेऊन नदीवर कशाला जायचं!

ती माझी चूक ठरली. हनोईच्या हॉटेलात नाश्त्याला एक यंत्र होतं. बटण दाबलं की गुरगुरायचं आणि कोमट, तपकिरी पाणी सोडायचं. दुसऱ्या दिवशी एका नावाजलेल्या कॉफीच्या दुकानात आम्हाला मुद्दाम नेलं. पिवळ्या फेसाचा सुंदर कप समोर आला. मी उचलला, ओठांशी नेला, आणि मॅनेजर टेबलांमधून धावत आला, "काकू, थांबा! वर अंडं फेटलेलं आहे!" मी शाकाहारी. कप खाली ठेवला. केळीवाल्या बाईंना हसू आवरेना. तिसऱ्या ठिकाणी, समुद्रकाठच्या गावात, मोठ्या हौसेनं मागवली तर ग्लासभर बर्फ, वर खारट साय आणि तळाशी दोन घोट कॉफी. खारट! मी मॅनेजरला विचारलं, चुकून तर नाही ना? तो म्हणाला, नाही, इथली तीच खासियत आहे.

डोकं चौथ्या दिवसापासून दुखायला लागलं. बसमध्ये माझी चेष्टा सुरू झाली होती. अमरावतीच्या थोरल्या अडत्यांच्या पत्नी सगळ्यांत वडीलधाऱ्या, त्यांना आम्ही सगळे मोठ्या बाई म्हणायचो. त्या मागच्या सीटवरून म्हणायच्या, "हिच्यासाठी चिखलदरा इथी उचलून आना रे कोनी!" नवराही त्यांच्यात सामील. "चा पे न मुकाट्यानं. साऱ्यायले चालते, तुलेच काहून चालत नाई?"

पण मनात एक गोष्ट पक्की होती. हे लोक सकाळी उठून कामाला जातात, म्हणजे काहीतरी गरम पीत असणार. ते जिथं पितात तिथं आम्हाला कोणी नेत नाही, एवढंच.

शेवटचे दोन दिवस सायगॉनला होते. पहिल्या पहाटे मला चारला जाग आली. देवळांचे हार पहाटेच बांधावे लागतात, त्यामुळे मला आयुष्यभर चारलाच जाग येते. सहलीत तेवढीच अडचण व्हायची, कारण उठून करायचं काय? खिडकीचा पडदा सारला. खाली रस्ता अजून दिव्यांतच होता. एक स्कूटर गेली. तिच्यावर मागं माणसाच्या डोक्यापेक्षा उंच ढीग, कागदात गुंडाळलेला, आणि कागदाच्या तोंडातून पिवळी शेवंती. मी नाक काचेला लावलं. थोड्या वेळानं दुसरी स्कूटर, त्याच बाजूला. मग एक तीनचाकी. तिच्यावर निशिगंधाच्या जुड्या.

मला जे कळलं ते कुठल्याही फूलवालीला कळलं असतं. त्या बाजूला फुलांचा बाजार आहे. आणि जिथं पहाटे फुलांचा बाजार भरतो तिथं चूल पेटलेली असते, कारण थंड पाण्यात हात घालून बसणाऱ्या माणसाला गरम काहीतरी लागतंच. अकोल्यात आमच्या बाजारात चहावाला आमच्याही आधी येतो.

नवरा घोरत होता. हॉटेलच्या कागदावर मी लिहिलं, "फुलं पाहाले जातो. सहापर्यंत येतो." आमच्याकडं बायकाही जातो, येतो असंच म्हणतात. कागद त्याच्या चष्म्याखाली ठेवला, साडीवर स्वेटर चढवला, पायात बूट घातले आणि खाली उतरले. परदेशात एकटी बाहेर पडायची ही पहिलीच वेळ. खाली काउंटरवर एक मुलगी जागी होती. हॉटेलचं कार्ड मी तिच्याकडून मागून घेतलं आणि हातानं कप तोंडाला लावून दाखवला. "कॉफी. हॉट." ती हसली, म्हणाली, "काफे सुअ नोंग." सुअ म्हणजे दूध हे तिनं इंग्रजीत सांगितलं, नोंग म्हणजे गरम हे फुंकर मारून समजावलं. मी ते तीन शब्द पुटपुटत दाराबाहेर पडले.

रस्ता ओलांडायचं भय आमच्या सगळ्या बायकांना वाटायचं, कारण स्कूटरींचा लोंढा कधी थांबतच नाही. पण पहाटे गर्दी तुरळक होती. मी एका म्हाताऱ्या बाईच्या शेजारी उभी राहिले. ती उतरली तशी उतरले, तिच्या चालीनं चालले, न धावता, न थांबता. स्कूटरी आमच्या दोन्ही बाजूंनी निघून गेल्या.

दोन चौकांपुढं फुलांच्या गाड्या दिसेनाशा झाल्या. मी थांबले. मग रस्त्याकडं पाहिलं. डांबरावर शेवंतीची पानं पडली होती, थोड्या अंतरावर एक मोडकी दांडी, पुढं पाण्याचा ओला माग. बाजाराकडं जाणाऱ्या गाडीतून पाणी गळतंच. मी तो माग धरला आणि तिसऱ्या गल्लीत वळले, तर समोर बाजार.

मी तिथं किती वेळ नुसती उभी राहिले, सांगता येणार नाही. गल्लीच्या दोन्ही बाजूंनी फुलं, जमिनीपासून माथ्यापर्यंत. शेवंतीचे तर इतके रंग की आमच्याकडच्या व्यापाऱ्याचा विश्वास बसणार नाही. कमळाच्या कळ्या, निशिगंध, झेंडूसुद्धा. वास तोच, ओल्या पोत्याचा, कापलेल्या दांड्यांचा, कुजक्या पानांचा. परका देश वाटेना. लोक ओरडत होते, त्यातलं अक्षर कळत नव्हतं, पण काय ओरडत होते ते सगळं कळत होतं.

एका बाईच्या ढिगापाशी मी वाकले. माझ्याच वयाची असेल, रबरी बूट घातलेली, कमरेला कात्री बांधलेली. शेवंतीची एक जुडी उचलून मी सवयीनं दांड्यांची टोकं पाहिली, मग फुलाच्या बुडाशी अंगठा दाबला. कालचा माल होता. मी जुडी परत ठेवली, मागची उचलली, ती आजची. बाई माझ्याकडं बघत होती. ती मोठ्यानं हसली, शेजारणीला हाक मारून काहीतरी म्हणाली, आणि शेजारीणही हसली. मी स्वतःच्या छातीवर हात ठेवला, फुलांकडं बोट केलं, मग दूर पश्चिमेकडं हात केला. "इंडिया. फ्लावर. शॉप." हार ओवायची खूण केली. तिला ते लागलीच समजलं. तिनं माझा हात धरून बोटं पाहिली. फूलवालीची बोटं सुईनं आणि दोऱ्यानं कापलेली असतात. तिनं आपली बोटं माझ्यापुढं धरली. तिचीही तशीच.

मग मी म्हटलं, "काफे सुअ नोंग?"

तिनं ते दोनदा म्हणायला लावलं, चुकतंय तिथं सुधारलं, आणि मला मनगटाला धरून गल्लीच्या टोकाला नेलं. तिथं भिंतीला टेकून एक म्हातारा बसला होता. पुढं कोळशाची शेगडी, शेगडीवर उंच काळंभोर भांडं, आणि त्याच्या हातात लांब दांडीला शिवलेलं कापडी गाळणं, मोज्यासारखं खोल. कॉफी त्या कापडातच भरून भांड्यात मुरत ठेवलेली. त्यानं जाड काचेच्या छोट्या ग्लासात तळाशी आटवलेलं गोड दूध घातलं, ग्लास गरम पाण्याच्या वाडग्यात उभा केला आणि वरून काळीशार धार सोडली. चमचा ठेवून ग्लास माझ्या हातात दिला.

मी वीतभर उंचीच्या प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसले. ढवळलं. वास आला आणि माझं डोकं तिथंच अर्धं उतरलं. पहिला घोट घेतला.

दाट होती. कडू होती, पण जळकी नव्हती. कडूपणा आधी जिभेवर बसायचा आणि मागून दुधाची गोडी यायची. चटका बसेल इतकी गरम. आईच्या कॉफीसारखी ती नव्हती. आईच्या कॉफीपेक्षा चांगली होती. हे कबूल करायला मला त्या स्टुलावर बराच वेळ लागला, आणि कबूल केल्यावर फार बरं वाटलं. दुसरा ग्लास मी मागायच्या आतच म्हाताऱ्यानं भरायला घेतला.

फूलवाली माझ्याजवळ उभ्यानं तिची कॉफी प्यायली. मग मी तिच्या दुकानी गेले आणि तिच्यासोबत जुड्या बांधायला बसले. ती रबर लावायची, मी दोऱ्यानं आमच्या पद्धतीची गाठ मारून दाखवली. तिला ती आवडली. तिनं माझ्याकडून तीन वेळा करून घेतली आणि चौथ्यांदा स्वतः मारली. घड्याळ मी पाहिलंच नाही. पाहिलं तेव्हा पावणेसात वाजले होते.

कार्ड दाखवून टॅक्सीनं हॉटेलवर आले तर दाराशीच सगळा गोतावळा. नवरा घामाघूम. चष्मा उचलताना माझा कागद पलंगाखाली उडाला होता, आणि गेला तासभर हा माणूस सातही मजले पालथे घालत होता.

"कुठी गेलती व तू? जीव गेला न माहा!"

"कॉफी प्यायले गेलतो."

"कॉफी!" त्याचा आवाज चिरकला. "परदेशात, एकटी, कॉफीसाठी?"

मॅनेजरनं समजुतीनं मध्ये हात घातला. "असू द्या काका, आल्या ना. चला, साडेसातला बस निघते. आज नदीची सफर आहे."

सहा दिवस मी काही मागितलं नव्हतं. त्यांनी नेलं तिथं गेले, दिलं ते खाल्लं, चेष्टा झाली ती ऐकली. पण आता माझ्या पोटात दोन ग्लास होते. मी म्हटलं, "बस फुलांच्या बाजारावरून न्या. एक तास थांबवा."

"काकू, कार्यक्रमात बाजार नाहीये."

"मंग टाका न कार्यक्रमात."

तो काही बोलायच्या आत मोठ्या बाई पुढं आल्या. मला वाटलं, आता आणखी चेष्टा. त्या म्हणाल्या, "फुलायचा बाजार हाये? केवढा?"

"आपले अकोला-अमरावतीचे दोन्ही मिळून त्याच्या एका गल्लीत मावतील."

"आन भाजी?" थोरल्या अडत्यांनी विचारलं. इतके दिवस प्रत्येक देवळात आणि संग्रहालयात बाकड्यावर बसून राहणारा हा माणूस उठून उभा होता.

"मागच्या गल्लीत भाजीची पोती उतरताना पाहिली मी."

"मंग नदी काय पळून जाते काय?" मोठ्या बाई मॅनेजरला म्हणाल्या. "चला!"

त्यानं सगळ्यांकडं पाहिलं. तेराही जण बसच्या दिशेनं निघालेच होते.

सहलीतला तो पहिला तास होता ज्यात कोणी पाय दुखतात म्हणालं नाही. अडते भाजीच्या गल्लीत शिरले आणि कारली मोडून पाहू लागले. केळीवाले एका घडापाशी उकिडवे बसून फण्या मोजत होते. माझा नवरा, जो तासाभरापूर्वी माझ्यावर ओरडत होता, तो एका टपरीवर फुलं कागदात कशी गुंडाळतात ते मोबाईलवर टिपत होता. "पाय व, कागद ओला ठेवते. म्हनून पाकळी झडत नाई. आपन हे काहून करत नाई?"

मी सगळ्यांना गोळा करून म्हाताऱ्यापुढं नेलं. दोन्ही हातांची बोटं दाखवली, मग आणखी पाच. मॅनेजर धरून पंधरा. "काफे सुअ नोंग." म्हाताऱ्याच्या भुवया वर गेल्या. त्याच्याकडं तेवढे ग्लास नव्हते. माझी फूलवाली शेजारच्या गाळ्यांतून ग्लास मागून घेऊन आली, मी पदर खोचून ते विसळले, आणि आम्ही दोघी मिळून कॉफी वाटली. वीतभर स्टुलांवर अकोला-अमरावतीचा सगळा बाजार गुडघे छातीशी घेऊन बसला.

मग गंमत झाली. म्हाताऱ्यानं प्रत्येकापुढं आणखी एकेक ग्लास ठेवला. फिक्कट, पिवळसर. नवऱ्यानं चाखून पाहिलं आणि तो हरखला. "अरे, हा तं चा हाये! इथी कॉफीसंग चा फुकट!" तिथली ती रीतच आहे म्हणे. पण तो बिनदुधाचा, बिनसाखरेचा चहा एका घोटानंतर सगळ्यांनी खाली ठेवला आणि कॉफीचे ग्लास उचलले.

मोठ्या बाईंनी दोन घोट घेतले. डोळे मिटले, उघडले. सगळे त्यांच्याकडं बघत होतो.

"तीस वर्सं तू हे एकटीच पेत होती?"

"ह्याच्याहून उलशी कमी चांगली, पन हाव."

"आन आमाले सांगितलं नाई." त्यांनी ग्लास पुढं केला. "ह्याले म्हना अजून दे."

नवऱ्यानंही दुसरा मागितला, माझ्याकडं न बघता.

नदीकडं जाताना बसमध्ये एरवी सगळे पाच मिनिटांत माना टाकायचे. त्या दिवशी दोन तास कोणाचा डोळा मिटला नाही. कॉफी चढली होती. अडते कारल्याच्या जातीवरून वाद घालत होते, केळीवाल्या बाई मॅनेजरला ओला कागद समजावून सांगत होत्या, मोठ्या बाई लग्नातली जुनी गाणी म्हणत होत्या आणि बाकीच्या ताल धरत होत्या. माझं डोकं अजिबात दुखत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारचं विमान होतं. मी साडेचारला खाली उतरले. फूलवालीला द्यायला आमच्या दोऱ्याचं एक रीळ बॅगेत सापडलं होतं, ते मुठीत होतं. लिफ्टचं दार उघडलं तर समोर लॉबीत दहा जण उभे. बायकांच्या अंगावर साड्या, सगळ्यांच्या पायात बूट, हातात पिशव्या. मॅनेजरही होता, किटली वर ठेवून आलेला.

"किती वेळ लावते व," मोठ्या बाई म्हणाल्या. "चाल, पुढं हो. रस्ता तुलेच ठावा हाये."

मी पदर खोचला आणि पुढं झाले.